राज्य नसलेल्यांचं ध्येयगीत

एस्पेरांतो ही वेगवेगळ्या देशांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम रचलेली भाषा. ती बोलणाऱ्यांचं जागतिक संमेलन दरवर्षी एखाद्या नव्या शहरात भरतं. हिरव्या चांदणीचा झेंडा लागतो, सभागृह उभं राहतं आणि ‘ला एस्पेरो’, म्हणजे ‘आशा’, हे गीत गायलं जातं. भाषेचे जनक डॉ. लुडविक झामेनहॉफ यांची ही सहा कडव्यांची कविता या भाषेचं ध्येयगीत झाली, त्याला शतक उलटून गेलं. ते हवं की नको हा वादही तेव्हापासून सुरू आहे आणि माझ्या मते तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या पायावर चालला आहे. एक पक्ष म्हणतो, भाषेला ध्येयगीत कशाला? इंग्रजीला आहे का, स्पॅनिशला आहे का? झेंडा आणि गीत यांच्या या सरंजामामुळे एस्पेरांतो एखाद्या पंथासारखी दिसते आणि शिकायला आलेला माणूस दारातूनच परत जातो. दुसरा पक्ष म्हणतो, हे गीत झामेनहॉफांचं आहे, शंभर वर्षांची परंपरा आहे, त्याला हात लावायचा नाही. एकाला ‘ला एस्पेरो’ नकोसं वाटतं कारण ते राष्ट्रगीतासारखं आहे. दुसऱ्याला ते तेवढ्याच कारणासाठी हवं आहे. दोघांच्या हातातलं माप एकच, राष्ट्रगीताचं, आणि तेच इथे लागू पडत नाही. या गीतामागे पोलीस नाही, न्यायालय नाही, शाळेची घंटा नाही. ते गाणारा प्रत्येक माणूस स्वतःच्या मर्जीने गात आला आहे, आणि काही काळ तर जिवावरचा धोका पत्करून. म्हणून ते टिकायला हवं. आणि त्याच कारणासाठी ते राष्ट्रगीतासारखं गायचं थांबवायला हवं.

गीत नंतर चिकटवलेली शोभेची वस्तू आहे हा आक्षेप आधी तपासू, कारण तो इतिहासाशी जुळत नाही. झामेनहॉफ वाढले ते रशियन साम्राज्यातल्या बियालिस्तोक गावात. रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू अशा चार समाजांच्या चार भाषा, आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर राग. पुढे वॉर्सात शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना, डिसेंबर 1878 मध्ये, या मुलाने वर्गमित्रांना घरी बोलावलं. टेबलावर त्याने रचलेल्या भाषेचं व्याकरण होतं, शब्दकोश होता, काही भाषांतरं होती. मुलं त्या भाषेत मोडकंतोडकं बोलली आणि मग त्यांनी एक गीत म्हटलं. राष्ट्राराष्ट्रांतल्या वैरा, कोसळ, आता वेळ झाली, साऱ्या मानवजातीने एक कुटुंब व्हायला हवं, अशा अर्थाच्या त्या चार ओळी. झामेनहॉफांनी पुढे एका पत्रात हा प्रसंग लिहिला तेव्हा त्या ओळींना त्यांनी ‘हिम्नो’, म्हणजे ध्येयगीतच म्हटलं. भाषेचं पहिलं पुस्तक छापून यायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती. ते 1887 मध्ये वॉर्सात निघालं, लेखकाचं नाव ‘डॉक्टर एस्पेरांतो’, आशा करणारा डॉक्टर. भाषेच्या त्या आद्य रूपातलं जे थोडंफार आज हाताशी आहे, त्यात या चार ओळी आहेत. तेव्हा गीत काढून टाका, नुसती भाषा ठेवा, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन की या दोन गोष्टी कधी वेगळ्या होत्या?

त्या वेगळ्या करण्याचा प्रयत्न झाला, हे खरं. 1905 मध्ये फ्रान्समधल्या बूलोन-सुर-मेर इथे पहिलं जागतिक संमेलन भरलं. वीस देशांतून 688 माणसं आली. उद्घाटनाच्या भाषणाच्या शेवटी वाचायला झामेनहॉफांनी एक प्रार्थना लिहिली होती. तिच्या अखेरच्या कडव्यात ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान ही सगळी एकाच देवाची लेकरं असल्याचा उल्लेख होता. फ्रेंच मंडळी धास्तावली. ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवला गेला त्या प्रकरणाने फ्रान्स दुभंगलेला होता, ड्रायफसची निर्दोष सुटका अजून वर्षभर दूर होती, आणि अशा देशात एका ज्यू डॉक्टरने व्यासपीठावरून हे म्हणावं? त्यांनी गळ घातली, झामेनहॉफांनी ते कडवं वगळलं. बाकीची प्रार्थना वाचली गेली. त्याच संमेलनाने असंही ठरवलं की जो एस्पेरांतो जाणतो आणि वापरतो तो एस्पेरांतिस्त, त्याचे हेतू काहीही असोत. ही व्याख्या शहाणपणाची होती, तिने दार सगळ्यांना उघडं ठेवलं. पण काही लोक तिचा अर्थ असा लावू लागले की भाषेच्या पोटात काही विचार असणं हेच गैर. जून 1906 मध्ये बियालिस्तोकमध्ये ज्यूंची कत्तल झाली. दोनच महिन्यांनी जिनिव्हाच्या संमेलनात झामेनहॉफ उभे राहिले, आपल्या जन्मगावच्या रस्त्यांत कुऱ्हाडी आणि लोखंडी गज घेऊन माणसांवर तुटून पडलेल्या माणसांबद्दल बोलले, आणि केवळ व्यापारासाठी, केवळ सोयीसाठी असलेल्या एस्पेरांतोशी आम्हाला कर्तव्य नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आज ‘प्रतिमा सुधारण्यासाठी’ गीत काढा म्हणणारे नवं काही सांगत नाहीत. हा वाद एकदा होऊन गेला आहे, आणि होऊन गेला तेव्हा एका बाजूला रक्त सांडलेलं होतं.

इंग्रजीला ध्येयगीत नाही, हे अगदी बरोबर आहे. पण का नाही? इंग्रजीला गरजच नाही. तिच्यासाठी राज्यं आहेत, विद्यापीठं आहेत, व्हिसाच्या रांगा आहेत. जिच्याजवळ यातलं काही नाही, जी कोणत्याही गावाची बोली नाही आणि क्वचितच कुणाची मातृभाषा असते, त्या भाषेच्या माणसांनी आपण एक आहोत हे एकमेकांना कसं सांगायचं? तसं करायला भूमी लागतेच असंही नाही. ऑलिंपिकचं गीत पहा. 1896 च्या अथेन्स स्पर्धेसाठी कोस्तिस पालामासांनी ते लिहिलं, स्पिरिदोन सामारासांनी चाल लावली, 1958 मध्ये ते अधिकृत झालं. ऑलिंपिक हा काही देश नाही, म्हणून त्या गीतावर कुणी हरकत घेत नाही. उलट युरोपीय संघाकडे पहा. बीथोव्हेनची चाल त्यांनी घेतली आणि शब्द गाळले, कारण एक भाषा निवडली की बाकीच्या दुखावतात. स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. 2008 मध्ये शब्द जोडायचा घाट घातला गेला आणि टीका होताच तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला. मुत्सद्दी आणि राज्यं जिथे मुक्याने उभी राहतात, तिथे वॉर्सातल्या डोळ्यांच्या एका डॉक्टरने सगळ्यांना एकत्र म्हणता येतील असे शब्द दिले. याला शोभेचा सरंजाम म्हणायचं?

भूमी मिळवण्याचा मोहही एस्पेरांतिस्तांना एकदा झाला होता. बेल्जियम, जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सीमेवर न्यूट्रल मोरेसनेट नावाचा, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा एक मुलूख होता. 1908 मध्ये तिथे एस्पेरांतोचं राज्य काढायचं ठरलं, ‘आमिकेयो’ हे नावही ठरलं, एका जर्मन लोकगीताच्या चालीवर त्याचं गीत तयार झालं. महायुद्धाने तो सगळा बेत पुसून टाकला आणि तो तुकडा बेल्जियमच्या पदरात गेला. राज्य मिळालं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर एका दुसऱ्या गीतात मिळतं.

तेही आशेचंच गीत. झामेनहॉफ तरुण होते तेव्हा पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात, छळाला कंटाळलेल्या त्याच पिढीत, नफ्ताली हर्झ इंबर या कवीच्या हिब्रू कवितेतून ‘हातिक्वा’ आलं. आपल्या भूमीत परतण्याची, तिथे स्वतंत्र होण्याची आशा. झामेनहॉफांना ही वाट परकी नव्हती. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला, वॉर्सातल्या दंगलीनंतर, ते स्वतः पॅलेस्टाइनकडे जाण्याच्या चळवळीत काम करत होते. नंतर ते तिथून बाहेर पडले. 1914 च्या जूनमध्ये ज्यू एस्पेरांतिस्तांनी वेगळी संघटना काढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून सामील व्हायला नकार दिला. दडपलेल्यांचा राष्ट्रवाद दडपणाऱ्यांच्या राष्ट्रवादापेक्षा क्षम्य आहे हे त्यांनी त्या पत्रात मान्य केलं, पण कोणताही राष्ट्रवाद माणसांना अखेर दुःखच देतो ही आपली खात्री असल्याचंही लिहिलं. एकाच दुःखातून निघालेल्या दोन आशा, दोन गीतं. त्यांतलं एक, ‘हातिक्वा’, 1948 मध्ये इस्रायल या राज्याचं गीत झालं आणि 2004 मध्ये कायद्यानेही झालं. त्या गीतात ज्यू आत्म्याची तळमळ आहे, आणि त्या राज्यात अरब नागरिकही आहेत. 2012 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयातले अरब न्यायमूर्ती सलीम जुब्रान एका समारंभात ‘हातिक्वा’ चालू असताना उभे राहिले, पण त्यांनी ओठ हलवले नाहीत. केवढं वादळ उठलं! त्यांना पदावरून काढा इथपर्यंत मागणी गेली. ‘हातिक्वा’च्या सौंदर्याबद्दल किंवा ज्या यातनांतून ते आलं त्यांबद्दल माझ्या मनात किंचितही अनादर नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच की गीताला राज्य मिळालं की गप्प राहणारा माणूस आरोपी होतो. ‘ला एस्पेरो’ चालू असताना गप्प बसलेल्याला आजवर कुणी कोणत्या न्यायालयात खेचलं?

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा. तो मी कुणाकडून फारसा ऐकत नाही, पण तोच मला सर्वांत जास्त छळतो. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मन एस्पेरांतो संघटनेने नव्या राजवटीशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला आणि ज्यूंना सदस्यत्व नाकारण्यापर्यंत मजल मारली. ज्या भाषेचा जनक ज्यू, त्या भाषेच्या संघटनेत ज्यूंना बंदी! सगळी माणसं एका मोठ्या कुटुंबाच्या वर्तुळात बसतील असं जे गात आले होते, त्यांनीच. मग अशा गीताचा उपयोग काय? गाणाऱ्याला ते बदलत नसेल तर ते घशाचा व्यायामच ठरतं, असं कुणी म्हटलं तर त्याला लगेच खोडता येत नाही.

तरी पुढे काय झालं ते पाहायला हवं. या लाचारीचा संघटनेला फायदा झाला नाही. 1936 मध्ये नाझींनी ती बंदच पाडली. सोव्हिएत संघात 1937-38 च्या काळात स्तालिनच्या यंत्रणेने एस्पेरांतिस्तांना वेचून पकडलं. तिथल्या चळवळीचे पुढारी एर्नेस्ट ड्रेझेन यांना गोळ्या घातल्या. झामेनहॉफांचा मुलगा आदाम याला 1940 मध्ये वॉर्साजवळ गोळ्या घातल्या गेल्या, मुली झोफिया आणि लिडिया 1942 मध्ये त्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीत मारल्या गेल्या. आता याच काळातलं जर्मन राष्ट्रगीत पहा. 1841 मध्ये एका उदारमतवादी कवीने विखुरलेल्या संस्थानांच्या एकीसाठी ते लिहिलं. 1922 मध्ये वायमार प्रजासत्ताकाने ते घेतलं, नंतर नाझींनी ते आपल्या पक्षगीताला जोडून वाजवलं, आणि युद्धानंतर पश्चिम जर्मनीने त्याचं फक्त तिसरं कडवं पुढे चालू ठेवलं. तीन राजवटी आणि गीत एकच. ‘इंटरनॅशनल’ या कामगार चळवळीच्या गीताचंही तेच. पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या पाडावानंतर 1871 मध्ये यूजीन पोतिए यांनी लिहिलेली ही कविता, 1888 मध्ये पिएर द गेतेर यांच्या चालीमुळे कामगारांच्या ओठी गेली, सोव्हिएत राज्याने राष्ट्रगीत म्हणून डोक्यावर घेतली आणि 1944 मध्ये गरज संपल्यावर बाजूला ठेवली. ‘ला एस्पेरो’ कोणत्याही राजवटीला असं वापरता आलं नाही. हिटलरला नाही, स्तालिनला नाही. तलवारीकडे बोलावत नाही, भांडत राहिलेल्या जगाला पवित्र सुसंवादाचं वचन देतो, असं दुसऱ्याच कडव्यात सांगणारं गीत लष्करी मेळाव्यात वाजवणार कसं? त्याच्यावर बंदीच घालावी लागते. आणि त्या जर्मन संघटनेने जे केलं ते विश्वासघात होतं असं आज आपण ठामपणे म्हणू शकतो, ते कशाच्या आधारावर? त्यांनी स्वतः गायलेल्या शब्दांच्याच आधारावर. शब्द नसते तर तो एका संघटनेच्या घटनेतला बदल ठरला असता.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना वेगळीच शंका आली असेल. विश्वाची प्रार्थना करायला विश्वभाषा लागते कुठे? ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं ते नेवाशाला, साध्यासुध्या माणसांच्या बोलीत, आणि त्याहून व्यापक मागणं कुठल्या भाषेत आहे? शिवाय एस्पेरांतोची ‘तटस्थता’ आपल्याला युरोपीयच वाटणार. आशेला एस्पेरो, पाण्याला आक्वो, चांदणीला स्तेलो. हे शब्द इटालियन माणसाला शेजारचे वाटतात, आपल्याला नाही. पाचव्या कडव्यात तटस्थ भाषिक पायाची भाषा आहे, पण तो पाया कुणाच्या अंगणात घातला आहे? ही तक्रार रास्त आहे, शब्दसंग्रहापुरती मी ती पूर्ण मान्य करतो.

पण पसायदानाचा दाखला मला उलट दिशेला नेतो. पसायदान मराठी माणसाला हलवतं ते मराठीमुळे, आणि कोरियातल्या माणसापर्यंत ते पोचायचं तर मधे दुभाषी लागतो. त्याचंही जे सर्वांत व्यापक मागणं असेल त्याला आपल्यापर्यंत यायला तसाच दुभाषी लागतो. दोघांना एकत्र म्हणता येईल असं काही हवं असेल तर दोघांनीही आपलं अंगण सोडून थोडं चालावं लागतं. त्यासाठी मातृभाषा टाकायची नसते, हे बूलोनच्या ठरावातही स्पष्ट लिहिलेलं आहे. झामेनहॉफांनी स्वतः यिडिशचं, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेचं, व्याकरण लिहायला घेतलं होतं. आपल्याकडे विनोबांनी आईसाठी गीता मराठीत आणली, ‘गीताई’ घरोघर गेली, आणि त्याच विनोबांनी पुढे युगोस्लाव्हियातून आलेल्या तिबोर सेकेल यांच्याकडून एस्पेरांतो शिकून घेतली. ‘जय जगत’ म्हणणाऱ्या माणसाला या दोन गोष्टींत भांडण दिसलं नाही. आणि युरोपीय शब्दांच्या या भाषेला आशियातल्या माणसांनी जी किंमत मोजून आपलंसं केलं, ती पाहिली की ती परकी म्हणताना जीभ अडखळते. हासेगावा तेरू ही 1912 मध्ये जन्मलेली जपानी मुलगी. एस्पेरांतोमुळे तिची एका चिनी विद्यार्थ्याशी ओळख झाली, लग्न झालं, ती चीनला गेली. 1938 मध्ये, जपानी फौजा चीन जाळत असताना, ती हांकौच्या रेडिओवरून जपानी भाषेत आपल्याच सैनिकांना हे युद्ध अन्यायाचं असल्याचं सांगत होती. तिच्या देशातल्या वृत्तपत्रांनी तिला देशद्रोही ठरवलं. म्हणायचं तर मला देशद्रोही म्हणा, दुसऱ्याचा देश लुटणाऱ्यांत जन्मल्याची मला अधिक लाज वाटते, अशा अर्थाचं तिने लिहून ठेवलं आहे, एस्पेरांतोत. तिला ‘वेर्दा मायो’, हिरवा मे महिना, या नावाने ओळखतात. टोकियोने तिला शिकवलेल्या राष्ट्रगीतात अशा माणसाला जागा नव्हती.

आता गीताच्या रक्षकांना चार शब्द. तिसऱ्या कडव्यात म्हटलं आहे की आशा करणाऱ्यांच्या श्रमांनी हे कार्य झपाट्याने वाढत आहे. ते झपाट्याने वाढलं नाही. 1920 च्या दशकात राष्ट्रसंघात फ्रान्सने विरोध केला आणि एस्पेरांतोला तिथे पाय रोवता आला नाही, दोन महायुद्धं झाली, इंग्रजी जगभर पसरली. 1980 मध्ये फिनलंडमधल्या रौमा इथे तरुण एस्पेरांतिस्तांनी जाहीरनामा काढला आणि सारं जग ही भाषा स्वीकारेल त्या अंतिम विजयाची वाट पाहणं सोडून आपण स्वेच्छेने निवडलेला एक विखुरलेला भाषिक समाज आहोत असं मानायला सांगितलं. मला ते पटतं. त्या तिसऱ्या कडव्याचा बचाव मी करणार नाही. ज्याला ते म्हणवत नाही त्याने त्या कडव्याला गप्प राहावं, तेवढी मोकळीक या गीताजवळ आहे. मात्र बूलोनच्या प्रार्थनेसारखं, लोक काय म्हणतील या धास्तीने कुणा समितीने कडवं कापावं, हे नको.

आणि चाल. इथे विरोधकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आज सगळीकडे वाजते ती फेलिसियाँ मनू द मेनिल या फ्रेंच संगीतकाराची 1909 ची चाल, सरळसरळ विजयी संचलनाची. शब्द तलवारीला नकार देतात आणि पावलं मात्र परेडची पडतात. ‘शांततेचे योद्धे’ या गीतातल्या शब्दांतला शांततेचा भाग ढोलाखाली दबून जातो आणि योद्धे तेवढे ऐकू येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात उत्साह दाखवायचा तो बँड लावूनच, हे समजू शकतं. पण परंपरेचा हवाला देणाऱ्यांना आठवण करून द्यायला हवी की याहून जुनी चाल आहे. क्लेस आदेल्शोल्ड या स्वीडनमध्ये लोहमार्ग बांधणाऱ्या अभियंत्याने 1891 मध्येच ती लावली होती, आणि ती खूपच सौम्य आहे. त्याखेरीज आणखीही चाली झाल्या. मेनिलची चाल कुणी कायद्याने लादलेली नाही, ती फक्त रूढ झाली. जे रूढीने आलं ते रूढीने बदलता येतं, आणि राष्ट्रगीताला नेमकं हेच शक्य नसतं. तेव्हा संमेलन भरवणाऱ्यांनी एवढं करून पाहावं. कार्यक्रमपत्रिकेत सहाही कडवी छापावीत, ‘कृपया उभे राहावे’ ही सूचना गाळावी, ध्वनिमुद्रित बँड बंद ठेवावा आणि ज्या देशात संमेलन आहे तिथल्या एखाद्या संगीतकाराला दरवेळी नवी चाल लावायला सांगावं. कधी काळी ते भारतात भरलं आणि झामेनहॉफांच्या शब्दांना भीमपलासात चाल लागली, तर शब्दांचा पाया युरोपीय असल्याची आपली तक्रार निम्मी तरी त्याच दिवशी निकालात निघेल.